हायड्रोजन की बॅटरी? दहा वर्षांसाठी पैसे लावायचेत, मत हवंय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीत हळदीचा धंदा आहे, बाजारात २०१७ पासून आहे, एकदा घेतलं की ठेवतो, रोजची उलाढाल करत नाही. मुलीच्या नावाने थोडी रक्कम बाजूला काढलीय, २०३५ पर्यंत तिला हात लावायचा नाही, आणि ती वाहतुकीच्या पुढच्या इंधनात घालावी असं मनात आहे. आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो बॅटरी हा मधला टप्पा, खरं भविष्य हायड्रोजनचंच, सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर केले ते उगाच का, गडकरीसाहेब २०२२ ला हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले, आपल्या पुण्यात एनसीएल ही सरकारी प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनीने मिळून हायड्रोजनची बस चालवून दाखवली. दुसरा म्हणतो बाकी सगळं सोड, रस्त्यावर उभा राहा आणि हिरव्या नंबर प्लेट, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या, मोज. मला दोघांचं पटतं आणि तिथेच घोडं अडलंय. बॅटरी म्हटलं की चीन आला, हायड्रोजन तर पाण्यापासून होतो, मग देशाच्या दृष्टीने तोच बरा ना? अमुक शेअर घ्या असं नको, विचार कसा करायचा ते सांगा.

पाताळगंगा
दादा, मी २२ वर्षं केमिकल प्लँटमध्ये काढली, हायड्रोजन रोज हाताळलाय म्हणून लिहितो. "पाण्यापासून होतो" हे बरोबर, पण पाणी फोडायला वीज लागते आणि ती भरपूर लागते. एक किलोला साधारण ५२ ते ५५ युनिट. मग तो दाबून टाकीत भरायचा, कारच्या टाकीत ७०० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या जवळपास सातशेपट दाबाने, त्याला अजून तीन-चार युनिट. एवढं करून त्या किलोत ऊर्जा असते ३३ युनिट आणि गाडीतला फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारं यंत्र, त्यातली निम्मी परत देतो, म्हणजे मोटरला मिळाले सोळा-सतरा युनिट. तेच ५८ युनिट सरळ बॅटरीत भरले असते तर चार्जिंगमधली तूट धरूनसुद्धा ४५ च्या आसपास मिळाले असते. हा फरक कारागिरी सुधारली की थोडा कमी होईल, पण पुसला जाणार नाही.

दुसरं म्हणजे ने-आण. आमच्याकडे ट्यूब ट्रेलर यायचा, लांबलचक लोखंडी नळकांड्यांचा, अख्खी गाडी भरून आली तरी आत गॅस तीनशे किलोच्या घरात. बाकी सगळं वजन लोखंडाचं. आणि गळती! हायड्रोजनची ज्वाळा दिवसाउजेडी दिसत नाही. मला सुरुवातीला एका जुन्या फोरमनने शिकवलं होतं की लाइनजवळ जाताना खराटा पुढे धरून चालायचं, खराट्याने पेट घेतला की समजायचं तिथे आग आहे. आता चांगले डिटेक्टर आलेत, पण हायवेच्या प्रत्येक पंपावर ती शिस्त पाळायची तर खर्च येणारच. मला या गॅसबद्दल आदर आहे, वाईट बोलत नाहीये, खत कारखान्याला आणि रिफायनरीला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. गाडीला मात्र दुसरा पर्याय आहे.

घाटवाटा
आमचे ११ ट्रेलर आहेत, न्हावा शेवा ते चाकण आणि रांजणगाव. माझा हिशोब किलोमीटरला किती रुपये एवढाच असतो. लोडेड ट्रेलर लिटरला तीन किलोमीटर देतो, म्हणजे डिझेलचेच ३० रुपये जातात. हायड्रोजनचा मोठा ट्रक शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो खातो असं धरा आणि किलो समजा ४०० ला मिळाला तर ३५ रुपये, म्हणजे डिझेलच्या वरच. इलेक्ट्रिकला किलोमीटरला दीड युनिट आणि युनिटला १० रुपये धरले तरी १५ रुपयांत बसतंय. शिवाय बोरघाट उतरताना ब्रेकवर जाळायची ताकद बॅटरीत परत जमा होते, आमच्या ड्रायव्हर लोकांनी इलेक्ट्रिक ट्रकच्या ट्रायलला हे स्वतः मीटरवर बघितलं, उतारावर चार्ज वाढत होता, खोपोलीत पोचेपर्यंत सगळे त्या आकड्याकडेच बघत होते.

पण सगळं गोडगोड नाही. ४०० युनिटची बॅटरी म्हणजे अडीच-तीन टन वजन, तेवढा माल कमी. ट्रकची किंमत डिझेलच्या कितीतरी वर, बँक व्याज जास्त लावते कारण सेकंडहँडचा भाव कुणालाच माहीत नाही. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेत इलेक्ट्रिक ट्रकला ९ लाख ६० हजारांपर्यंत सूट आहे, त्याला जुना ट्रक भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट लागतं. ठरलेल्या फेऱ्या असतील आणि रात्री गाडी यार्डात येत असेल तर आजच परवडतं. आमच्या बंदरात २०२५ ला बॅटरी बदलून चालणारे ट्रक लागले ते त्याच कारणाने. नागपूर-कोलकाता मारणाऱ्याला अजून नाही परवडत.

इंद्रधनू
सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहिते. मी सोलर प्रकल्पांवर काम करते. २०१० ला सौर विजेबद्दल लोक हेच म्हणायचे, महाग आहे, कधी परवडणार नाही. आज दुपारच्या विजेला राजस्थानात कधीकधी गिऱ्हाईक नसतं, पॅनेल बंद ठेवावी लागतात. ती वाया जाणारी वीज हायड्रोजनमध्ये का नको? आणि जहाज, विमान यांना बॅटरी पुरणार आहे का? मार्च २०२५ मध्ये सरकारने ३७ हायड्रोजन बस-ट्रक आणि ९ पंपांचे पायलट, म्हणजे प्रायोगिक प्रकल्प, मंजूर केले, त्यात मुंबई-पुणे रस्तासुद्धा आहे. निदान त्यांचे आकडे येऊ द्या, मग मोडीत काढा.

पाताळगंगा
ताई, जहाजाचं पटतं, तिथे हायड्रोजनपासून केलेलं अमोनिया किंवा मिथेनॉल लागेलच. फुकटच्या विजेचं एवढंच, की इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाणी फोडायचं यंत्र, महाग असतो, दिवसातले तीन-चार तासच चालवला तर त्याची किंमत किलोच्या डोक्यावर बसते.

सॅनहोजेकर
कॅलिफोर्नियातून लिहितोय, मूळचा साताऱ्याचा. २०१९ ला फ्युएल सेलची गाडी लीजवर घेतली होती, खूप उत्साहाने. गाडी सुंदर, आवाज नाही, पाच मिनिटांत टाकी फुल. पण पंपावर नोझल गोठून गाडीला चिकटायचं, ते सुटेपर्यंत मागचा ताटकळत उभा. कधी पंपच बंद, मग ॲपमध्ये बघून २५ मैलांवरच्या दुसऱ्या पंपावर. किलोचा भाव पुढे ३६ डॉलरला गेला, एक टाकी २०० डॉलर. २०२४ च्या सुरुवातीला एका मोठ्या तेल कंपनीने इथले कारसाठीचे आपले सगळे पंप कायमचे बंद केले. बायको गरोदर असताना मध्यरात्री टाकीत किती आहे हे बघत बसणं मला नको झालं, लीज संपल्यावर बॅटरीची गाडी घेतली. घरी रात्री लावतो, सकाळी तयार. माणूस गाडी घेताना आधी जवळचा पंप बघतो आणि पंप टाकणारा आधी गाड्या मोजतो, इथे सरकारने एवढा पैसा ओतूनही ते चक्र फिरलं नाही.

मूल्यशोधक
कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सोडवा. हायड्रोजनचा उद्योग वेगळा, हायड्रोजनची गाडी वेगळी. मिशनच्या १९,७४४ कोटींपैकी १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजन बनवण्याच्या प्रोत्साहनाला आहेत, वाहतुकीच्या पायलटला फक्त ४९६ कोटी. सरकारने स्वतःच कुठे भर दिलाय ते यात दिसतं. २०२५ ला खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचा पहिला लिलाव झाला, भाव निघाला किलोला ५५ रुपये ७५ पैसे, आधी शंभरच्या आसपास होता. खरं गिऱ्हाईक तिथे आहे.

गाड्यांच्या बाजूला निकोला ही अमेरिकेतली हायड्रोजन ट्रकची कंपनी बघा. २०२० च्या जूनमध्ये बाजारात फोर्डपेक्षा जास्त किंमत झाली होती, फेब्रुवारी २०२५ ला दिवाळखोरी. जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्याने २०२२ ला हायड्रोजनच्या १४ रेल्वेगाड्यांचा ताफा सुरू केला आणि वर्षभरातच पुढच्या खरेदीसाठी बॅटरीच्या गाड्या ठरवल्या. ज्यांनी चालवून बघितलं त्यांचाच हा निर्णय आहे.

आता बॅटरीवाल्यांनाही सांगते. बॅटरी पॅकचा भाव २०१० ला युनिटला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ ला ११५. गाडी घेणाऱ्याला हे वरदान, बॅटरीचे सेल बनवणाऱ्याला मारक, कारण आज टाकलेला कारखाना पाच वर्षांत पडेल भावाशी झुंजतो. आपल्याकडे सेलसाठी १८,१०० कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी सरकारी योजना, आली आणि ठरलेल्या मुदतीत फार थोडं उभं राहिलं. चीनची भीती खरी आहे, बॅटरीत लागणाऱ्या ग्रॅफाइटच्या निर्यातीवर त्यांनी २०२३ लाच परवाने लावले. म्हणून मी सेल कंपन्यांपासून लांब आहे. केबल, ट्रान्सफॉर्मर, चार्जर, मोटरचे सुटे भाग, म्हणजे बॅटरी कुणाचीही असो ज्यांचा माल लागणारच, तिथे माझे पैसे आहेत. हायड्रोजनमध्ये थोडे आहेत, पण अशाच कंपनीत जिला खत किंवा रिफायनरीची लेखी ऑर्डर आहे.

कृष्णाकाठ
मनापासून आभार सगळ्यांचे. १७,४९० आणि ४९६ हा फरक मला माहीतच नव्हता, आमचा ग्रुप तीन महिने त्याच १९ हजार कोटींवर भांडतोय. आज रात्री तिथे टाकतो. घाटवाटा दादा, एक विचारू का, त्या ट्रायलच्या ट्रकला चार्जर कुणी बसवला, तुम्ही की ट्रक कंपनीने? आणि त्याच्यासाठी नवीन ट्रान्सफॉर्मर लागला का?

घाटवाटा
चार्जर कंपनीचा, ट्रान्सफॉर्मर आमचा. मंजुरी यायला चार महिने गेले, ट्रक दारात उभा होता. उद्या यार्डात गेलो की बिल बघून सांगतो.