मदत हवी आहे: अलास्का क्रूझवरची दोन 'स्पेशल' जेवणं कोणत्या संध्याकाळी घ्यावीत?

ऑस्टिनकर_वहिनी

येत्या आषाढात सिअ‍ॅटलहून सात रात्रींच्या अलास्का क्रूझला निघतोय. बोट नॉर्वेजियन क्रूझ लाइन कंपनीची आहे. रोजचं जेवण तिकिटातच आहे, पण पॅकेजमध्ये मोठ्या माणसांना प्रत्येकी दोन जेवणं स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये मिळाली आहेत, म्हणजे एरवी जिथे वेगळे पैसे मोजावे लागतात तिथे. कुठे जायचं यावर घरात एकमत झालंय (हेच नवल!). एक जेवण इटालियन, म्हणजे ला कुचिना, आणि दुसरं स्टेकहाऊस, म्हणजे कॅग्नीज. गाडी अडली आहे ती कधी जायचं यावर.

आम्ही पाच जण आहोत. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि डोंबिवलीहून येणारे सासू-सासरे. कार्यक्रम असा:

दिवस १ – सिअ‍ॅटल, दुपारी ४ ला निघणार
दिवस २ – दिवसभर समुद्र
दिवस ३ – जुनो, दुपारी १ ते रात्री १०
दिवस ४ – स्कॅग्वे, सकाळी ७ ते संध्याकाळी ६
दिवस ५ – ग्लेशियर बे (उतरायचं नाही, बोटीवरूनच बघायचं)
दिवस ६ – केचिकान, सकाळी ७ ते दुपारी दीड
दिवस ७ – व्हिक्टोरिया, रात्री ८ ते १२
दिवस ८ – सकाळी सिअ‍ॅटल

आता अडचणी. आई शाकाहारी, अंडंही नाही. त्यांना एसटीही लागते, त्यामुळे बोट लागणार हे गृहीत धरलंय. बाबा मासे आवडीने खातात. पाचव्या दिवशी बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात आणि नेमकी त्याच दिवशी आषाढी एकादशी. (अमेरिकेचं पंचांग बघितलंय. त्यावरून घरात एक परिषद होऊन गेली आहे, इथे दुसरी नको.) बाबा एकादशी करत नाहीत, पण आईंच्या उपासाच्या दिवशी त्यांच्यासमोर मासे खायचे नाहीत असा त्या दोघांचा अनेक वर्षांचा न बोललेला करार आहे. बाबांची मागणी एकच, खिडकीजवळचं टेबल. लेक आठच्या पुढे जागी राहिली तर सगळ्या बोटीला कळतं.

माझा कच्चा विचार दिवस २ आणि दिवस ५ असा होता, कारण दोन्ही दिवशी कुठे उतरायचं नाही, घाई नाही. पण पाचवा वर म्हटल्याप्रमाणे बाद होतोय असं दिसतंय. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. पहिल्याच रात्री जावं का? बंदरावर फिरून आल्यावर एवढं साग्रसंगीत जेवायचं त्राण उरतं का?

भटकभवानी

वहिनी, दुसरा दिवस आधी खोडा.

सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या बहुतेक बोटी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, म्हणजे सरळ उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हरहून सुटणाऱ्या बोटींना बेटांच्या आडोशाचा मार्ग मिळतो, तुम्हाला तो जुनोच्या जवळपास पोचल्यावर मिळेल. दुसऱ्या दिवशी समुद्र शांत असला तर नशीब, पण नसला तर आई खोलीत आडव्या आणि तुम्ही त्यांच्या वाटचं जेवण फुकट घालवताय असं चित्र होईल. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फार उपयोग होत नाही, आधीच द्या. कोणती ते डॉक्टरांना विचारून ठेवा. पंचाहत्तरीच्या घरात बाकी औषधं चालू असतात.

हाच नियम उलटीकडूनही लावा (शब्दावर कोटी नाही). केचिकान सोडलं की पुन्हा उघडा समुद्र. म्हणजे सहाव्या दिवसाची रात्र आणि सातवा दिवस व्हिक्टोरियाला लागेपर्यंत भरवशाचा नाही. पहिली रात्र सोडली तर तुमच्याकडे शांत पाण्याच्या संध्याकाळी तीनच आहेत: ३, ४ आणि ५.

पहिली रात्र एरवी चांगली असते. बहुतेक लोक सामान, खोली, बुफे यांत अडकलेले असतात, त्यामुळे टेबल सहज मिळतं. पण आई-बाबा भारतातून येऊन किती दिवस झालेले असतील? सिअ‍ॅटल आणि डोंबिवलीत उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक आहे. नुकतेच आलेले असतील तर सात वाजता सूप येईपर्यंत बाबा टेबलावरच पेंगतील.

हिशेबी

पॅकेजमधलं जेवण 'फुकट' समजू नका. त्यावर सेवाशुल्क लागतं, साधारण १८ ते २० टक्के, ते तिकिटाबरोबर भरलंय का तेवढं बघा. आणि बुकिंग करून गेलाच नाहीत तर पैसे कापतात. आदल्या दिवशी कळवलं तर बहुधा बदलून देतात. म्हणून बोट लागण्याची शक्यता असलेल्या रात्री बुकिंग नको, याला माझं +१.

आणखी एक. ज्या रात्री स्पेशल रेस्टॉरंटमध्ये जाल त्या रात्री मुख्य डायनिंग रूममधलं काय सोडताय ते बघा. ते जेवण तुम्ही आधीच विकत घेतलेलं आहे.

पाटावरवंटा

सगळे समुद्र आणि डॉलर बघतायत, पंचांग कोणी बघत नाहीये.

वहिनी, पाचव्या दिवशी एकादशी, म्हणजे तिसऱ्या दिवशी काय? कांदेनवमी! आई चातुर्मास पाळत असतील तर एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं सगळं चार महिने बंद. मग सहाव्या-सातव्या दिवशी इटालियनमध्ये नेऊन त्यांना काय वाढणार, उकडलेला पास्ता? गार्लिक ब्रेड, टोमॅटोचा लसूण घातलेला सॉस, वांग्याची पार्मिजाना, जे जे म्हणून चातुर्मासात चालत नाही ते सगळं ला कुचिनाच्या मेन्यूत. तिसऱ्या दिवशी जा. घरी कांदाभजी झाली असती, इथे गार्लिक ब्रेड.

ऑस्टिनकर_वहिनी

@पाटावरवंटा, हसून पुरेवाट. आणि हो, आई चातुर्मास पाळतात. एवढा मोठा मुद्दा माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हता. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणतो, "आईला सांगू नकोस, तिला वाटू दे मीच ठरवलं."

पण तिसऱ्या दिवशी जुनोत व्हेल बघायची सहल घेतली आहे, दोन ते साडेपाच. जमेल?

भटकभवानी

आरामात. व्हेलच्या होड्या ऑक बेवरून सुटतात, तिथून बस परत धक्क्यावर आणते, सहापर्यंत बोटीवर असाल. पावणेसातचं टेबल घ्या. बोट दहापर्यंत धक्क्यालाच बांधलेली आहे, म्हणजे ताटातलं सूप जागचं हलणार नाही. शिवाय बरेच लोक खेकडे खायला जुनो गावात उतरलेले असतात, त्यामुळे गर्दी कमी. लेकीची आठची वेळही सांभाळली जाईल.

घड्याळाचं लक्षात ठेवा. अलास्का सिअ‍ॅटलच्या एक तास मागे. बोटीवर दुसऱ्या दिवशी वगैरे घड्याळं मागे घ्यायला सांगतात. बुकिंग बोटीच्या वेळेप्रमाणे असतं आणि फोन कधी कुठल्या टॉवरची वेळ पकडेल सांगता येत नाही. बाबांचं साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावून टाका.

सुगरणीचा_नवरा

शाकाहारी लोकांसाठी थोडं स्वयंपाकघरातलं, कारण मेन्यूवर पानाचं हिरवं चिन्ह दिसलं की आपण निर्धास्त होतो.

पार्मेझान चीज पारंपरिक पद्धतीचं असेल तर वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरून केलेलं असतं. आई ते खात नसतील तर 'नो पार्मेझान' आधी सांगा, नाहीतर वेटर मायेने ताटावर किसणी घेऊन येतो आणि तुम्ही नको म्हणेपर्यंत अर्धं पडलेलं असतं. रिझोटो (इटालियन मऊ भात) आणि मिनेस्ट्रोनी (भाज्यांचं सूप) पुष्कळदा चिकन स्टॉकमध्ये शिजवतात, विचारून घ्या. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्यात सहसा नसतं. फ्रेंच रेस्टॉरंटकडे वळायचा विचार आलाच तर तिथलं कांद्याचं सूप बीफच्या स्टॉकचं असतं. कांदेनवमी म्हणून कोणी तेच मागवू नका!

तेप्पान्याकी (समोरच तव्यावर करून वाढणारं जपानी रेस्टॉरंट) शाकाहाऱ्यांनी टाळावं असं माझं मत. तोफू-भाज्या देतात, पण तवा एकच. आणि शेफ अंडी उडवून टोपीत झेलतो, लेक खूश होईल, आई नाही.

हे सगळं जेवायला बसल्यावर सांगू नका. बोटीवर चढलात की त्याच दुपारी रेस्टॉरंटच्या मॅनेजरला गाठा. मागे एका बोटीवर (नाव राहू दे) आमच्या काकूंसाठी 'व्हेजिटेरियन' म्हणून आठवण करून दिली होती फोनवर, समोर आलं कोळंबी काढून टाकलेलं सॅलड. मॅनेजरशी समोरासमोर बोलल्यावर मात्र त्याच माणसाने पुढच्या वेळी वेगळी कढई लावून करून दिलं.

एकादशीला बुफे बरा. भाजलेला बटाटा आणि लोणी, दही, फळं, दूध. साबुदाणा विसरा. राजगिऱ्याचे लाडू बंद पाकिटातले घरून न्या.

निवांत

+१ बटाटा.

गार्डन कॅफेच्या बुफेत एक कोपरा बहुधा भारतीय रश्शांचा असतो. वरण-भातावर आईंचे बाकी दिवस निघतील. काळजी नसावी.

ऑस्टिनकर_वहिनी

ला कुचिना तिसऱ्या दिवशी पावणेसात, पक्कं. आता कॅग्नीज. तुमच्या म्हणण्याप्रमाणे उरतो चौथा दिवस. पण मग वाढदिवसाचं जेवण वाढदिवसाच्या आदल्या रात्री होतं. बाबा काही बोलणार नाहीत, मलाच बरं वाटत नाहीये. सातव्या रात्री व्हिक्टोरियाला करावं का? तेव्हा तरी बोट बांधलेली असेल.

हिशेबी

सातव्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. स्टेक खाऊन बॅगा भरणं मला तरी नको वाटतं. आणि आठला बोट लागणार म्हणजे जेवायला बसेपर्यंत साडेआठ, लेकीचं काय?

व्हिक्टोरियावरून आठवलं, विषयांतराबद्दल माफी. आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय असतील तर कॅनडाचा व्हिसा काढलात ना? अमेरिकेचा व्हिसा असून भागत नाही, आणि 'आम्ही खाली उतरणारच नाही' हेही चालत नाही. सिअ‍ॅटलला चढतानाच विचारतात. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या बोटीला मध्ये कुठेतरी परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून ते चार तासांचं व्हिक्टोरिया. फिरण्यासाठी कमी, कागदासाठी जास्त.

ऑस्टिनकर_वहिनी

व्हिसा आलाय, देवाची कृपा. मल्टिपल एन्ट्रीचंही बघितलं.

भटकभवानी

मग चौथाच दिवस, आणि नाइलाज म्हणून नाही.

स्कॅग्वेहून सहाला बोट सुटली की ती लिन कनालमधून दक्षिणेला उतरते. नाव कनाल असलं तरी तो फ्योर्ड आहे, दोन्ही बाजूंना पाण्यातून थेट वर गेलेले डोंगर. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो. पाणी आडोशाचं, बोट हलत नाही. बाबांना खिडकी हवी आहे ना, मग सगळ्या आठवड्यात जेवताना खिडकीबाहेर बघण्यासारखी याहून चांगली संध्याकाळ नाही. ग्लेशियर बेच्या दिवशी दुपारनंतर बोट बाहेर पडते, तेव्हाही बाहेर व्हेल वगैरे दिसतात, पण त्या दिवशी सगळेच दिवसभर बोटीवर, टेबलांसाठी मारामारी. शिवाय सकाळपासून डेकवर गारठून उभं राहिल्यावर संध्याकाळी चादरीत शिरावंसं वाटतं.

आणि वाढदिवसाचं म्हणाल तर हिशेब करा. अलास्का भारताच्या साडेतेरा तास मागे आहे. तुम्ही चौथ्या दिवशी साडेसहाला कॅग्नीजमध्ये बसाल तेव्हा डोंबिवलीत दुसऱ्या दिवसाचे सकाळचे आठ वाजलेले असतील. म्हणजे बाबांचा वाढदिवस उजाडलेला आहे, आणि एकादशी बोटीवर अजून लागायची आहे. मासे खुशाल मागवू देत. नातेवाइकांचे फोनही नेमके तेव्हाच येतील, वायफायचं पॅकेज घेऊन ठेवा.

पाटावरवंटा

__/\__ ताई, तुम्ही दाते पंचांगात नोकरीला लागा.

ऑस्टिनकर_वहिनी

भटकभवानीताई, हे मी बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी दोन दिवस पंचाहत्तरचा." दोन्ही बुकिंग झाली: दिवस ३ पावणेसात, दिवस ४ साडेसहा. लागोपाठ दोन रात्री भरपेट होईल, पण पुढच्या दिवशी निम्म्या घराला उपासच आहे.

स्टेकहाऊसमध्ये आईंचं काय करावं एवढं राहिलं. त्या म्हणतात मी नुसती बसेन.

सुगरणीचा_नवरा

नुसत्या बसू देऊ नका. स्टेकहाऊसमध्ये मुख्य पदार्थांपेक्षा बाजूला मिळणारे पदार्थ शाकाहाऱ्यांच्या कामाचे. भाजलेला बटाटा, मशरूम, पालक, फ्राइज, असं तीन-चार मागवून एक ताट भरतं. फ्राइज कोणत्या तेलात तळतात तेवढं विचारा, मासे तळलेलं असू शकतं. आणि त्यांना आधी सहा वाजता बुफेत थोडा वरण-भात खाऊ घाला, मग त्या गोड येईपर्यंत मजेत गप्पा मारतील.

भटकभवानी

शेवटचं. खिडकीचं टेबल ॲपवरून बुक करताना मागता येईलच असं नाही, आणि सगळ्याच टेबलांना खिडकी नसते. पहिल्या दिवशी पार्मेझानचं सांगायला जाल तेव्हाच हेही सांगा, पंचाहत्तरी आहे म्हणा, वाकून ऐकतात. बाजू विचारली तर उजवी. बोट दक्षिणेला चाललेली असते, हेन्स गावाच्या पुढे पश्चिमेच्या डोंगरांतून डेव्हिडसन आणि रेनबो या हिमनद्या उतरलेल्या दिसतात. ऊन मात्र त्याच बाजूने डोळ्यांवर येईल, बाबांना टोपी न्यायला सांगा.