शब्दचर्चा : धास्ती, धसका, भयाण आणि आमिष

गेल्या महिन्या-दीड महिन्यात पाठोपाठ चार हॉरर सिनेमे बघितले, चारही जरा वेगळ्या वाटेचे, म्हणजे दार करकरलं आणि मागून पांढरी साडी आली या जातीचे नाहीत. आणि प्रत्येक वेळी मैत्रिणीला कसा वाटला ते लिहायला बसले की 'भीतीदायक' टाइप करायचे आणि खोडायचे. हा शब्द तोंडाने कोणी म्हणतं का हो? आमच्या घरात मी कधी ऐकला नाही. 'भयंकर' आणि 'भयानक' तर वापरून वापरून पार गुळगुळीत झालेत, भयंकर भूक लागलीय, लक्ष्मी रोडला भयानक गर्दी होती. मग खरं जे वाटलं त्याला म्हणायचं काय?

पहिला 'ब्रमयुगम', 2024 चा मल्याळम, दिग्दर्शक राहुल सदाशिवन, अख्खा कृष्णधवल. जीव वाचवून रानातून पळालेला एक गाणारा माणूस पडक्या वाड्यात येतो, मालक मामूटी त्याला जेवूखाऊ घालतो, गोड बोलतो आणि मग फासे खेळायला बसवतो. याच्याकडे पणाला लावायला पैसे नाहीत तर म्हणतो तुझा वेळ लाव. बस्स. मामूटी नुसता हसला तरी माझ्या पोटात खड्डा पडत होता, अजून काही घडलेलंच नव्हतं तरी. याला माझ्या मते धास्ती म्हणावं. दहशत दुसरा कोणीतरी बसवतो, गुंडाची असते, जुन्नरकडे बिबट्याची असते. धास्ती आपण घेतो, आणि ती पुढे होणाऱ्या गोष्टीची असते, निकालाची, ऑपरेशनची.

आणि धसका म्हणजे होऊन गेलेल्याचा. हा फरक मला आजीमुळे कळला. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती पुण्यात नारायण पेठेत नवी सून होती. त्यानंतर दर पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली, की कोणी काही म्हणायच्या आत ती पलंगाखालची ट्रंक ओढून काढायची, आतल्या पैठण्या आणि कागदपत्रं पिशवीत भरायची आणि ती पिशवी माळ्यावर ठेवायला लावायची. आम्ही तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. आई म्हणायची, "त्यांनी धसका घेतलाय गं, ठेव वर." म्हणजे धसका एकसष्टचा आणि धास्ती दर जुलैची! एकाच माणसात दोन्ही, आणि दोन्हीसाठी क्रियापद 'घेणे'च. चांगला हॉरर सिनेमा हेच करतो असं मला वाटतं, आधी धास्ती घ्यायला लावतो आणि संपल्यावर धसका देऊन जातो.

दुसरा 'लपाछपी', 2017, आपला मराठी, विशाल फुरियाचा. गरोदर बाई, चहूबाजूंनी ऊस, आणि भीती भर उन्हात. ज्यांनी दौंड-बारामतीकडचा ऊस आतून बघितलाय त्यांना हे सांगायला नको. लहानपणी मी मामाकडे एकदा दुपारी सरीत शिरले होते, दहा पावलांत बांध दिसेनासा झाला, वारा नव्हता तरी पाचट कुठेतरी वाजत होतं, आणि पात्यांनी हात चिरलेले घरी आल्यावर कळले. याला शब्द भयाण. माझ्या कानाला तरी भयाण हे माणसापेक्षा जागेचं विशेषण आहे, भयाण वाडा, भयाण माळ, भयाण शांतता. तिथे भूत असायची गरज नाही, कोणी नसणं पुरतं.

तिसरा 'तुंबाड'. 2018 ला थिएटरात राहून गेला होता, सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा गेले, आणि आता परत बघितला. त्यातला वाडा सासवडचा पुरंदरे वाडा आहे, दिवे घाट चढून गेलं की आलंच. त्यात नायक जमिनीखाली उतरतो तेव्हा तिथल्या हस्तर नावाच्या शापित, हावरट देवाला भुलवायला पिठाची बाहुली नेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई परातीत कणीक मळत होती, तिंबून झालेल्या गोळ्याला तेलाचा हात लावला आणि तो चकाकला, तर मला तिकडे बघवेना.

ही बाहुली म्हणजे आमिष. आणि खरी चर्चा मला याच शब्दावर हवी आहे, कारण चौथा सिनेमा 'आमिस', 2019 चा असमिया, भास्कर हजारिकांचा. हा तोच शब्द! संस्कृतात आमिष म्हणजे मांस. गळाला मांस लावतात म्हणून असेल, मराठीत आपण 'आमिष दाखवून फसवलं' एवढंच बोलतो, मांस मागे राहिलं ते सामिष आणि निरामिष या जेवणाच्या शब्दांत. सिनेमात एक लग्न झालेली डॉक्टर आणि मांसाहारावर संशोधन करणारा मुलगा, दोघं एकमेकांना हात लावत नाहीत, फक्त वेगवेगळं मांस एकत्र खातात, आणि पुढे ते कुठवर जातं ते सांगत नाही. असमिया प्रेक्षकाला नावात जेवण ऐकू येत असेल, मला गळ ऐकू आला, आणि सिनेमा दोन्ही आहे.

पण बघताना जे वाटलं त्याला शब्द सापडला नाही. शिसारी आली, हो, पण शिसारी आली की माणूस तोंड फिरवतो, आणि मला त्या दोघांची माया येत होती. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद :
थरार चालेल का? थरारपट म्हणतातच की.

प्रतिसाद :
थरारमध्ये मजा आहे हो, पाळण्यात बसल्यासारखी. आमच्याकडे कोल्हापूरला अशा वेळी 'कालवाकालव झाली' म्हणतात. जिवाची पण होते आणि पोटात पण होते.

माझं उत्तर :
थरार मलाही नाही पटत, तो तिथल्या तिथे विरतो. पण कालवाकालव! अहो, कालवणे म्हणजे ताटात भात बोटांनी कालवतो तेच ना, कालवण पण त्यातलंच. माया आणि शिसारी एकत्र कालवलेली, आणि तीही जेवणाच्या ताटातच. आज मैत्रिणीला हेच लिहून पाठवलं, या वेळी खोडलं नाही.