मदत हवी आहे: दामियानो दामियानीचे कुठले सिनेमे दाखवू आणि कुठल्या क्रमाने?

नमस्कार मंडळी,

आमचा सिनेमा बघणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, सिनेमा बघतो आणि मग रात्री उशिरापर्यंत त्यावर वाद घालत बसतो. पुढचे तीन महिने निवड माझ्याकडे आहे आणि तिन्ही वेळा दामियानीच दाखवायचा असं मी ठरवलंय. इटालियन सिनेमा म्हटलं की आपल्याकडे डी सिका, फेलिनी, फार तर लिओनेचे वेस्टर्न, पुढे कोणी जातच नाही, आणि या माणसाबद्दल मराठीत तर मला काहीच वाचायला मिळालं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जन्म १९२२चा, उत्तर इटलीतल्या पोर्देनोने भागातला. मिलानच्या ब्रेरा अकादमीत चित्रकला शिकला, कॉमिक्स काढली, मग डॉक्युमेंटऱ्या, आणि १९६० मध्ये पहिला सिनेमा 'इल रोस्सेत्तो', ज्यात खुनाचा तपास करणारा अधिकारी झालाय दिग्दर्शक पिएत्रो जेर्मी. मधे साहित्यावरचे सिनेमे, एक वेस्टर्नसुद्धा. पण खरा दामियानी सुरू होतो १९६८ मध्ये, लिओनार्दो शाशाच्या कादंबरीवरच्या 'द डे ऑफ द आऊल'पासून. सिसिलीतल्या एका गावात एका बांधकाम ठेकेदाराचा खून होतो, तपासाला पार्माहून आलेला तरुण कॅप्टन बेल्लोदी (फ्रँको नीरो), समोर गावचा डॉन (ली जे. कॉब), आणि मधे अडकलेली एक बाई, जिचा नवरा गायब झालाय (क्लाउदिया कार्दिनाले). खून कोणी केला हे आपल्याला लवकरच कळतं. प्रश्न असतो की ते कागदावर येणार का, आणि आलं तर टिकणार का.

मला त्याच्यात हेच सगळ्यात भारी वाटतं. बंदुका आहेत, पाठलाग आहेत, पण खरी मारामारी चालते जबान्या, सह्या, बदल्या आणि फाइली यांच्यात. १९७१चा 'कन्फेशन्स ऑफ अ पोलिस कॅप्टन' घ्या. पालेर्मोमध्ये पन्नास-साठच्या दशकात बिल्डर, महापालिका आणि माफिया यांनी मिळून बागा आणि जुने बंगले पाडून शहरभर काँक्रीटच्या इमारती उभ्या केल्या, ती सगळी पार्श्वभूमी त्यात आहे. एक थकलेला पोलिस अधिकारी (मार्टिन बाल्सम), ज्याचा कायद्यावरचा विश्वास उडालाय, आणि एक तरुण सरकारी वकील (परत नीरो), ज्याचा अजून आहे, दोघंही प्रामाणिक, आणि तरी एकमेकांवर संशय घेण्यातच त्यांची सगळी ताकद जाते. मॉस्को फेस्टिव्हलमध्ये याला बक्षीस मिळालं होतं.

आता अडचण अशी की ग्रुपमधल्या काहींना 'ला पिओव्रा'पासून सुरुवात हवी आहे, कारण ती त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट, १९८४ची टीव्ही मालिका, मिकेले प्लाचिदोचा इन्स्पेक्टर कत्तानी वगैरे. मला वाटतं आधी सिनेमे, काळाप्रमाणे. पण तिसरा कुठला घेऊ ते ठरत नाही. आणि इटालियन ऑडिओ लावू की इंग्रजी डब? अमेरिकन नट आहेत तर इंग्रजीच मूळ, असं एकजण ठामपणे म्हणतोय. ज्यांनी बघितलेत त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
इटालियनच लाव, डोळे मिटून. त्या काळात इटलीत सेटवरचा आवाज सहसा वापरतच नसत, प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलायचा आणि नंतर स्टुडिओत सगळं डब व्हायचं, त्यामुळे आपण म्हणतो तसा मूळ आवाज बऱ्याचदा कुठल्याच ट्रॅकवर नसतो. बाल्समचे ओठ इंग्रजीत हलताना दिसले तरी हरकत नाही. बेल्लोदी उत्तरेकडचा आहे, गावाच्या दृष्टीने परकाच, आणि ते बोलण्यातून जाणवायला हवं. इंग्रजी डबमध्ये सगळे एकाच गावचे वाटतात.

पिओव्राबद्दल एक, दामियानीने फक्त पहिला सीझन केलाय, सहा भाग. पुढचे सगळे दुसऱ्यांचे, शेवटचा २००१ मध्ये आला. सहा भाग एका रात्रीत बसणार नाहीत, तेव्हा तो वाद तिथेच मिटव.

प्रतिसाद:
तिसरा म्हणून 'द मोस्ट ब्यूटिफुल वाइफ' (१९७०) का नाही? माफियावरचे सिनेमे म्हणजे पुरुषांनी पुरुषांशी बोलायचं, हा तसा नाही. फ्रांका व्हिओलाच्या खऱ्या केसवरून सुचलेला आहे. सिसिलीतल्या आल्कामोची १७ वर्षांची मुलगी, १९६५च्या डिसेंबरमध्ये तिला पळवून नेलं, बलात्कार केला, आणि रिवाजाप्रमाणे त्याच माणसाशी लग्न करून अब्रू वाचवावी अशी गावाची अपेक्षा होती. इटलीचा कायदासुद्धा तेव्हा असं लग्न झालं की गुन्हेगाराला सोडून द्यायचा! तिने नकार दिला, वडील पाठीशी उभे राहिले, आणि त्याला शिक्षा झाली. कायद्यातलं ते कलम गेलं थेट १९८१ मध्ये. सिनेमात ही मुलगी झालीये ऑर्नेला मुती, तिचा पहिलाच सिनेमा. यावर तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त चर्चा होईल, विशेषतः बायका असतील तर, कारण लग्न लावून प्रकरण मिटवा हे आपल्याकडेही ऐकलेलं आहे.

धागाकर्ता:
दोघांनाही मनापासून धन्यवाद. ऑडिओचा प्रश्न सुटला. 'मोस्ट ब्यूटिफुल वाइफ' मी बघितलाय आणि खूप आवडलाय, पण माझ्या डोक्यात तिसऱ्यासाठी 'हाऊ टू किल अ जज' (१९७५) होता. त्यात नीरो चक्क सिनेमा दिग्दर्शक आहे. त्याने भ्रष्ट न्यायाधीशावर सिनेमा काढलेला असतो आणि मग खऱ्या न्यायाधीशाचा खून होतो. म्हणजे दामियानी स्वतःलाच विचारतोय की माझ्या सिनेमांनी नक्की काय होतं. दोन सिनेमांनंतर हा बघितला तर फार जोरात लागेल असं वाटतं.

प्रतिसाद:
'जज' चांगलाच आहे पण तो आधीचे सिनेमे पचल्यावर. माझं मत 'आय अ‍ॅम अफ्रेड', १९७७. जान मारिया वोलोन्ते एका न्यायाधीशाचा बॉडीगार्ड. दहशतवादाचा काळ, आणि धोका गावच्या डॉनकडून नाही, सरकारच्याच गुप्तचर खात्यातून. तुझा क्रम काळाप्रमाणे असेल तर बघ ना, १९६८ला गाव, १९७१ला शहर, १९७७ला अख्खं राज्य. संशय वर वर चढत जातो. आणि वोलोन्तेचा घाबरलेला चेहरा मोठ्या पडद्यावर बघण्यासारखा आहे, टीव्हीवर दाखवणार असाल तर निदान खोलीत अंधार करा.

धागाकर्ता:
हे पटलं, असा विचार मी केलाच नव्हता. मग 'आऊल', 'कन्फेशन्स', 'आय अ‍ॅम अफ्रेड' असं नक्की करतो. आणि 'मोस्ट ब्यूटिफुल वाइफ'साठी चौथा महिना मागून घेतो, मिळेल बहुतेक. आता फक्त 'आय अ‍ॅम अफ्रेड'ची इटालियन ऑडिओ आणि नीट सबटायटल्स असलेली डिस्क कुणाकडे असेल तर कळवा, पुण्यात असाल तर मी येऊन घेऊन जाईन आणि सांभाळून परत देईन.