पुण्याच्या कंपनीने मूळ देश विचारलाय, ब्रॅकेटवाल्याने काय लिहून द्यायचे?

कुंडई_प्रेसशॉप

नमस्कार. युनिट कुंडई औद्योगिक वसाहतीत. १६० आणि २५० टनी मेकॅनिकल प्रेस, प्रोजेक्शन वेल्डिंगच्या दोन मशिन्स. पुण्याच्या एका टियर-१ला (गाडी कंपनीला थेट पुरवठा करणाऱ्याला) तीन पार्ट जातात: सीटचा ब्रॅकेट, वायरिंग हार्नेसचा (तारांच्या जुडग्याचा) ब्रॅकेट आणि सायलेन्सर टांगायचा हँगर ब्रॅकेट. मटेरियल २ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) शीट, व्यापाऱ्याकडून स्लिट करून (पट्ट्या कापून) येते. कधी देशी कॉइल, कधी कोरियन.

आता त्यांच्याकडून एक एक्सेल आली आहे. प्रत्येक पार्टचा एचएस कोड (कस्टमचा वर्गीकरण क्रमांक), परदेशी मालाची किंमत, मूळ देश, आणि खाली सही-शिक्का. आठ दिवसांची मुदत.

१) हे भरायचे कसे? आम्ही बिल गोव्यातून करतो, जीएसटी इथे भरतो, मग माल भारतीयच ना?
२) त्याच कंपनीला सीट ब्रॅकेटच्या नव्या मॉडेलसाठी प्रोग्रेसिव्ह डाय (एकापुढच्या एक स्टेशनांवर पार्ट घडवणारा साचा) हवी आहे, खर्च १८ लाख. ब्रिटन, युरोप, मेक्सिको, अमेरिका असे रोज काहीतरी चालू असताना घालावेत का?
३) इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तर या तिघांतला कुठला पार्ट आधी जाईल?

ड्युटी_आणि_दाखले

पहिल्या प्रश्नातच घोळ आहे, तो आधी सोडवू. बिल कुठून झाले, जीएसटी कुठे भरला याचा मूळ देशाशी, म्हणजे व्यापार करारांच्या नियमांनी माल कुठल्या देशाचा ठरतो त्याच्याशी, काही संबंध नाही. कोरियन कॉइल भारत-कोरिया करारात सवलतीत आली असेल, तरी तिसऱ्या देशात जाणाऱ्या मालाच्या हिशेबात ती परदेशीच. आणि व्यापाऱ्याकडे कॉइलचा कागद नसेल तर तीही परदेशीच धरायची. शंका तुमच्या विरोधात जाते.

सगळ्यात आधी एचएस कोड. तिन्ही पार्टना सरसकट ८७०८ लावू नका, ही चूक निम्मे लोक करतात. सीटचा धातूचा भाग ८७०८ मध्ये येत नाही, तो सीटच्या शीर्षकात, ९४०१.९९. वेल्ड नट ७३१८, कारण सर्वसाधारण वापराचे नट-बोल्ट वाहनाच्या प्रकरणातून टिपेनेच वगळले आहेत. हँगर ब्रॅकेट ८७०८ मध्ये. कोड चुकला की नियम चुकतो आणि पुढचा सगळा हिशेब फुकट.

आता सीट ब्रॅकेटचा हिशेब. आकडे उदाहरणाचे, तुमचे घाला:

शीट ग्रॉस ०.६२ किलो × ७० रुपये = ४३.४०
आयात वेल्ड नट २ नग × १.५० = ३.००
प्लेटिंग = ९.००
प्रेसिंग, वेल्डिंग, ओव्हरहेड, नफा = २४.६०
विक्री किंमत = ८०.००

भारतीय मूल्याचे सूत्र: (किंमत − परदेशी माल) ÷ किंमत × १००.
कोरियन कॉइल: (८० − ४६.४०) ÷ ८० = ४२ टक्के.
देशी कॉइल: (८० − ३) ÷ ८० = ९६.२५ टक्के.

शीटचे वजन ग्रॉसच धरा, नेट नाही. स्क्रॅप विकून आलेले पैसे वजा करायला काही करारांत जागा असते, पण ते वाचल्याशिवाय करू नका.

४२ टक्के म्हणजे पास की नापास? करारावर अवलंबून. भारत-आसियान, भारत-जपान, भारत-कोरिया यांत सर्वसाधारण नियम ३५ टक्के आणि जोडीला एचएस कोडचे उपशीर्षक (पहिले सहा अंक) बदलणे. सपाट पोलादाचे ७२०९ आणि सीटच्या भागाचे ९४०१, म्हणजे बदल आपोआप झाला. तिथे ४२ चालतील. अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात पूर्ण गाडीला ७५ टक्के प्रादेशिक मूल्य लागते, त्याआधीच्या नाफ्टा करारात ६२.५ होते. आकडा जिकडेतिकडे वाढतोच आहे.

आणि खरी मेख इथे. तुमचा ब्रॅकेट पास झाला तर बहुतेक करारांत पूर्ण ८० रुपये सीटच्या हिशेबात भारतीय धरले जातात, कोरियन ४३ रुपयेसुद्धा. नापास झाला तर तुमची मजुरी, प्लेटिंग, नफा धरून ८०च्या ८० परदेशी. म्हणून टियर-१ तुमच्यामागे लागलाय.

नुसते कापणे, धुणे, रंगवणे, पॅकिंग याने मूळ देश बदलत नाही. नुसते प्लेटिंग करणाऱ्या युनिटने अशा फॉर्मवर ‘भारतीय’ लिहू नये. तुमचे ब्लँकिंग-फॉर्मिंग-वेल्डिंग आहे, तुम्हाला या बाबतीत अडचण नाही.

सही करताना ‘आमचा माल भारतीय आहे’ असे मोघम लिहू नका. पार्ट नंबर, कुठला करार, कुठल्या कालावधीतला पुरवठा, कॉइल कोणाची, एवढे लिहा. प्रेफरेन्शियल दाखला निर्यातदार काढतो, तुम्ही फक्त पुरवठादाराचे निवेदन देता. पण तपासणी आली की कागद तुमच्याकडेच मागतात. मिलचे टेस्ट सर्टिफिकेट, स्लिटरचे चलन, बिले पाच वर्षे ठेवा. आपल्याकडे आयात करणाऱ्यांना हीच शिस्त २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियमांनी लावली आहे, बाहेरचे कस्टमही वेगळे वागत नाही.

गोंयकार_१२

एक प्रामाणिक शंका. गोव्यात कार बनतच नाही. होंडा गावात बसच्या बॉड्या होतात, उसगावला टायर. मग करारांचा आपल्याला काय फरक?

टूलरूम_वेर्णे

कार बनत नाही, पण कारचे तुकडे बनतात, आणि तुकड्यांचे शेड्यूल (गिऱ्हाइकाने मागितलेल्या नगांचे वेळापत्रक) महिन्याला बदलते. फरक तिथेच पडतो.

कुंडईवाले, १८ लाखांचा निर्णय बातम्या वाचून घेऊ नका, तुमचे शेड्यूल वाचून घ्या. त्यात डाव्या आणि उजव्या स्टिअरिंगचे पार्ट नंबर वेगळे असतात. हार्नेस ब्रॅकेटचे तर नक्की असतील, कारण डॅशबोर्डखालचे वायरिंग उलटे होते. ड्रायव्हर सीटचेही बहुतेक वेळा असतात. डाव्या स्टिअरिंगचे नग म्हणजे निर्यात, कारण इथे ती गाडी विकत नाहीत. गेल्या बारा महिन्यांचे डावे भागिले एकूण. उलट बाजूने मात्र हा हिशेब फसतो: दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटनला उजवेच स्टिअरिंग जाते, ते देशातल्या नगांत मिसळलेले असते. तेवढे खरेदी विभागाला विचारावे लागेल.

डावे नग जास्त असतील तर मेक्सिको बघा. ज्यांच्याशी करार नाही अशा देशांच्या गाड्यांवर त्यांनी १ जानेवारी २०२६ पासून ड्युटी २० वरून ५० टक्के केली, आणि भारताशी त्यांचा करार नाही. चाकणहून तिकडे गाड्या जातात. अमेरिकेने ३ मे २०२५ पासून पार्टवर २५ टक्के लावले, पण तुम्ही थेट निर्यात करत नाही, तुमच्यापर्यंत तो फटका टियर-१ मागतो त्या ‘कॉस्ट डाऊन’च्या (भाव कमी करा या मागणीच्या) रूपात येईल.

ब्रिटनची मात्र भीती बाळगू नका. २४ जुलै २०२५ च्या करारात तिथल्या गाड्यांची ड्युटी १० टक्क्यांपर्यंत उतरते, पण कोट्यापुरतीच, आणि इलेक्ट्रिकला पहिली पाच वर्षे सवलत नाही. येणार त्या महागड्या गाड्या, तुमच्या ब्रॅकेटच्या गिऱ्हाइकाशी त्यांची स्पर्धा नाही. युरोपचे वेगळे. २७ जानेवारी २०२६ ला वाटाघाटी संपल्याचे जाहीर झाले, त्यात गाड्यांना वर्षाला अडीच लाखांचा कोटा आहे, पण पार्टवरची ड्युटी पाच ते दहा वर्षांत शून्य. त्या शून्याकडे लक्ष ठेवा. २ मिमीचा ब्रॅकेट कोणी जर्मनीहून आणणार नाही, भाड्यातच मरेल. गिअर, बेअरिंग, सेन्सरवाल्यांनी मात्र विचार करावा.

आता डाय. १८ लाख, ३ लाख नगांवर वसुली, म्हणजे नगामागे ६ रुपये. शेड्यूल दीड लाखावर अडकले की ९ लाख तुमच्या अंगावर. म्हणून पीओमध्ये (खरेदी ऑर्डरमध्ये) लिहून घ्या: ठरलेल्या मुदतीत नग कमी उचलले तर उरलेली टूलिंग रक्कम एकरकमी. ते नाही म्हणतील. मग निम्मी टूलिंग आगाऊ मागा, डाय त्यांच्या मालकीची राहू द्या. दोन्हीला नकार असेल तर त्या मॉडेलवर त्यांचाच विश्वास नाही असे समजा. पोलादाच्या भावाला तिमाही फेरतपासणीचे कलमही हवेच. २१ एप्रिल २०२५ ला सपाट पोलादावर १२ टक्के सेफगार्ड (देशी उद्योगाच्या संरक्षणाची आयात) ड्युटी लागली तेव्हा ज्यांच्या पीओत ते कलम नव्हते त्यांनी फरक खिशातून भरला.

उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु असेल तर बिलावर नंबर छापा. ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत आणि मार्चअखेरीसही बाकी राहिले, तर आयकरातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात ४३बी(एच)) त्यांचा खर्च त्या वर्षी धरला जात नाही. मार्चमध्ये याचा उपयोग फार होतो.

कुंडई_प्रेसशॉप

देव बरें करूं दोघांचे. शेड्यूल काढले: हार्नेसमध्ये डावे नग ३१ टक्के, सीटमध्ये ९. आता तिसरा प्रश्न. आणि आणखी एक: कोरियन बंद करून सगळी कॉइल देशीच घेतली तर प्रश्नच मिटला ना?

बेतोडा_क्वालिटी

मिटला नाही, नवा सुरू झाला. कॉइलचा स्रोत बदलणे म्हणजे ४एम चेंज (माणूस, मशीन, माल, पद्धत यांपैकी काहीतरी बदलणे). कळवायचे, ट्रायल लॉट काढायचा, पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रे) पुन्हा द्यायचे. गुपचूप बदललात आणि कोपऱ्यावर क्रॅक आला, तर लॉटचे सॉर्टिंग पुण्यात, तुमच्या खर्चाने. ग्रेड तोच असला तरी मिल बदलली की शीट ओढ घेण्यात फरक पडतो, फॉर्मिंगच्या रेडियसवर आधी दिसतो.

तिसरा प्रश्न. हँगर ब्रॅकेट जाणार, इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सरच नाही. पण लगेच नाही, हायब्रिडला सायलेन्सर असतोच. नवी टूलिंग मात्र त्यात घालू नका. सीट राहते. हार्नेसचे ब्रॅकेट वाढतील, नारिंगी हाय-व्होल्टेज केबलला जागोजागी आधार लागतो.

इलेक्ट्रिकचे वेळापत्रकही करारांवर टांगलेले आहे. चीनने ४ एप्रिल २०२५ पासून सात दुर्मीळ मृदा धातूंना निर्यात परवाना लावला. त्यातले डिस्प्रोशियम आणि टर्बियम मोटरच्या चुंबकात असतात, नाहीतर तापल्यावर चुंबकाची ताकद जाते. चुंबक अडले की मोटर अडते, मोटर अडली की तुमच्या ब्रॅकेटचा ट्रक गेटवरून परत. तेव्हा पहिल्या सहा महिन्यांचे इलेक्ट्रिकचे शेड्यूल पूर्ण खरे मानून कॉइल भरू नका.

नव्या सीटचे ड्रॉइंग आले की मटेरियलची ओळ आधी वाचा. वजन कमी करायला डीपी७८० (जास्त ताकदीचे पोलाद) मागतात. ब्लँकिंगचा जोर = परिमिती × जाडी × शिअर. ४२० मिमी परिमिती, २ मिमी, साधी शीट ३०० न्यूटन प्रति चौमिमी: साधारण २६ टन. डीपी७८० ला शिअर ६०० च्या आसपास: ५१ टन. तेही एका स्टेशनचे, प्रोग्रेसिव्हमध्ये सगळ्या स्टेशनांची बेरीज. १६० टनीवर आकडा बसेल, पण शीट तुटताना उलटा झटका बसतो आणि पिटमन (प्रेसचा जोडदांडा), बेअरिंग खातो. पंचांची उंची पायरीपायरीने ठेवा, काम २५० टनीवर घ्या. स्प्रिंगबॅकही (वाकवलेली शीट थोडी परत उलगडणे) जास्त, त्यामुळे १८ लाखांत ट्रायल-करेक्शनचे पैसे धरले आहेत का ते टूलरूमला विचारा.

बसबारचे (वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्टीचे) काम कोणी देऊ केले तर भुलू नका. तांबे पंच करायला प्रेस तीच चालते, पण शेड वेगळी लागते. लोखंडाचा कण बसबारवर चिकटला किंवा बर (कापलेल्या कडेची धारदार कोर) राहिला तर इन्सुलेशन कापते. आपल्याकडे जाडीच्या १० टक्के बर खपतो, तिथे नाही.

कुंडई_प्रेसशॉप

सध्या रॅकवर दोन्ही कॉइल आहेत, काही बिनमध्ये तयार माल मिसळलाय. निवेदन कसे देऊ?

ड्युटी_आणि_दाखले

मिसळलेल्या बिनचे सगळे नग परदेशी कॉइलचे धरा, ४२ टक्क्यांच्या हिशेबाने. पुढच्या शिफ्टपासून कॉइलच्या टॅगवरचा हीट नंबर (पोलाद ज्या वितळीचे तिचा क्रमांक) बिन कार्डवर लिहायला सांगा, कॉइल बदलली की नवे कार्ड. आणि एक्सेलमध्ये सीट ब्रॅकेटच्या दोन ओळी करा, एक देशी, एक कोरियन, तारखेसकट. त्यांची शीट दुसरी ओळ घेत नसेल तर ईमेलने कळवा, ती ईमेल जपून ठेवा.

बेतोडा_क्वालिटी

ती कार्डे प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. जुलैत आपल्याकडे तेलाने आणि दमटपणाने कागदावरचा हीट नंबर चार दिवसांत पुसतो. पार्टला व्हीसीआय (गंजरोधक) पिशवी लावता ना? नसेल तर अनमोड घाट चढेपर्यंत वेल्डच्या भोवती लाली धरते.