गोळ्या थांबवून दहा दिवस झाले, तरी पाळी आलेली नाही

जास्वंद (12 सप्टेंबर):
माझे वय 28 असून लग्नाला दोन वर्षे झाली आहेत. पाळी साधारण 30 ते 32 दिवसांनी येते. मागची 31 जुलैला आली होती, त्यामुळे पुढची 30 ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे ऐन गौरी-गणपतीत येणार होती. यंदा गौरी आमच्याकडे असल्याने जाऊबाईंनी त्यांच्याजवळच्या पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या (नॉरइथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम) दिल्या आणि मी त्या डॉक्टरांना न विचारताच 27 ऑगस्टपासून 2 सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत दिवसातून तीनदा घेतल्या. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते असे ऐकले होते, पण अजून काहीच नाही.

यजमान नोकरीनिमित्त नाशिकला असतात. ते 15 ऑगस्टच्या सुट्टीत आणि पुन्हा 25 तारखेला घरी आले होते. दोन्ही वेळा आम्ही कोणतेही साधन वापरले नाही. दुसऱ्या वेळी तर पाळी चार-पाच दिवसांवर आली आहे, आता भीती नाही, असाच आमचा समज होता. 5 सप्टेंबरला संध्याकाळी घरी चाचणी केली, तेव्हा एकच रेघ आली. पट्टी न्हाणीघराच्या खिडकीत तशीच राहिली आणि तासाभराने पाहिले तर शेजारी दुसरी अंधूक रेघ दिसली. यातले खरे काय मानावे? दिवस गेले असतील तर गोळ्यांचा अपाय झाला असेल का? सासूबाई तिळाचा काढा घे म्हणतात.

केतकी:
मीही दोनदा या गोळ्या घेतल्या आहेत आणि एकदा पाळी आठव्या दिवशी आली होती. तुमची चाचणी पाच मिनिटांत नकारात्मक आली होती ना? मग मला वाटते की हा गोळ्यांचाच परिणाम असावा, तेव्हा आणखी आठवडाभर निश्चिंत राहून वाट पाहावी.

निवृत्त परिचारिका:
केतकीताई, निश्चिंत राहा असे मी म्हणणार नाही. या गोळ्या गर्भाशयाचे अस्तर धरून ठेवतात, थांबवल्या की ते सुटते आणि अंगावर जाऊ लागते. क्वचित आठवडाही लागतो, परंतु दहा दिवस उलटूनही काहीच झाले नसेल तर सर्वांत आधी गर्भधारणा नाही ना, हेच पाहायला हवे. शिवाय, पाळी ढकलण्यासाठी घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना दर गणपतीनंतर मला हे कुणा ना कुणाला सांगावे लागत असे. (गौरींना पाळी खरोखर खटकते का, हा वाद मी येथे उकरून काढत नाही.)

आता तुमच्या तारखा पाहू. बीजांड पाळीनंतर चौदाव्या दिवशी सुटते असे सर्रास सांगितले जाते, पण ठरावीक असतो तो बीजांड सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ, साधारण दोन आठवड्यांचा. त्याआधीचा काळ ताप, प्रवास, जागरण, वजनातील चढउतार, थायरॉईड किंवा पीसीओएस (बीजांडकोशाचा संप्रेरकांशी निगडित विकार) यांमुळे लांबू शकतो. म्हणून पाळी उशिरा येते तेव्हा बहुधा बीजांडच उशिरा सुटलेले असते, आणि ‘पाळी जवळ आली, आता भीती नाही’ हा हिशेब तिथेच चुकतो. ऑगस्टच्या सुरुवातीला काही आजारपण झाले होते का?

बीजांड 16 ऑगस्टच्या आसपास सुटून दिवस गेले असते, तर 5 सप्टेंबरच्या चाचणीत बहुधा दुसरी रेघ दिसलीच असती. मात्र ते 25 तारखेच्या सुमारास सुटले असेल, तर तुम्ही चाचणी अकराव्या दिवशी केलीत. गर्भ अस्तरात रुजायलाच सहा ते बारा दिवस लागतात आणि लघवीत दिसणारे एचसीजी हे संप्रेरक त्यानंतर वाढू लागते. तेव्हा चाचणीचा दिवस पाळीवरून न ठरवता शेवटच्या संबंधापासून 21 दिवस मोजून ठरवा, तुमच्या बाबतीत तो 15 सप्टेंबर येतो. पहाटेची पहिली लघवी घ्या, पाकिटावर लिहिले असतील तितकेच थेंब टाका आणि निकाल पाच मिनिटांनी वाचा. दहा मिनिटांनंतर दिसणारी रेघ ओल सुकल्यानेही उमटते, त्यामुळे तासाभराची रेघ ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. वेळेत उमटलेली रेघ मात्र फिकट असली तरी होकारार्थीच मानतात. दुकानात जायचा संकोच वाटत असेल, तर आशाताईंकडे ‘निश्चय’ किट विनामूल्य मिळते.

गोळ्यांविषयी सांगायचे तर, अजाणतेपणी आठवडाभर घेतल्या गेल्या, एवढ्यावरून गर्भ पाडावा लागतो असे नाही. पण नाव, मात्रा आणि तारखा कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. पाळी यावी म्हणून आणखी गोळ्या घेऊ नका. काढ्याने राहिलेले दिवस उतरत नाहीत आणि अडलेली पाळीही येत नाही, सासूबाईंचे मन राखायला फार तर तिळाचा लाडू खा. एका बाजूला ओटीपोटात तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे किंवा भोवळ असे काही झाले तर मात्र 15 तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा, कारण गर्भ नळीत राहिला असल्यास जिवावर बेतते.

जास्वंद:
हो, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मला पाच दिवस ताप होता, अंगदुखीने उठवत नव्हते. त्याचा आणि पाळीचा संबंध असेल, हे डोक्यातच आले नाही.

केतकी:
माझे उत्तर घाईचे होते, हे मान्य करते. गोळ्या कधी घेतल्या एवढेच मी मोजले, संबंध कधी आला होता ते मोजलेच नाही.

जास्वंद (18 सप्टेंबर):
15 तारखेला पहाटे चाचणी केली आणि दोन मिनिटांच्या आतच दुसरी रेघ ठळक उमटली. काल डॉक्टरांकडे जाऊन आले. 31 जुलैपासून मोजले तर जवळजवळ सात आठवडे भरतात, पण सोनोग्राफीत पाच आठवड्यांच्या बेताचीच पिशवी दिसली, तीही गर्भाशयातच आहे. तापाची आणि 25 ऑगस्टची हकीकत सांगितल्यावर त्या म्हणाल्या की तारखा जुळतात, बीजांड उशिरा सुटले असावे. हृदयाचे ठोके पाहण्यासाठी दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. गोळ्यांचा कागद त्यांनी फाइलला लावून घेतला आणि फॉलिक ॲसिड सुरू केले. जाऊबाईंना अजून सांगितलेले नाही, त्यांना उगीच अपराधी वाटेल.