मदत हवी: एक्सेलमध्ये सरासरीत चूक येतेय, आणि चूक घालवली की सरासरीच घसरतेय

नमस्कार मंडळी,
इंदूरला रामबागेत आईची छोटी मेस आहे, डबे जातात. हिशोब मी ठेवते. बी रकान्यात सकाळचे डबे, सी-त संध्याकाळचे, डी-त बेरीज (=बी२+सी२) आणि तळाला डी-ची सरासरी. त्यावरून कणीक किती भिजवायची ते ठरतं.

रंगपंचमीला गेर (इंदूरची रंगाची मिरवणूक), म्हणून मेस बंद. मी दोन्हीकडे 'बंद' लिहिलं, तर डी-त #व्हॅल्यू! आलं आणि खाली सरासरीतही तेच. चुलतभाऊ म्हणाला, डी-त इफएरर लाव, चूक आली की ० दाखव. लावलं. आता शेवटचे चार दिवस बघा: ४०, ४४, बंद, ४२. सरासरी ४२ हवी, येते ३१.५! आई म्हणते, "तुझ्या यंत्राच्या भरवशावर पोरं उपाशी राहतील."

प्रतिसाद
ताई, भावाने चूक झाकली, काढली नाही. ० हा एक्सेलला आकडाच, तो भागायला चौथा दिवस धरतो. मोकळा किंवा अक्षरांचा चौकोन मात्र सरासरी सोडून देते.

मूळ भानगड अधिकच्या चिन्हाची आहे, त्याला 'बंद' चालत नाही. डी-त =सम(बी२:सी२) करा, सम अक्षरं गाळतं. बंदच्या दिवशी डी-त ० येईलच, म्हणून तळाला ०पेक्षा मोठ्या आकड्यांचीच सरासरी काढा: =अ‍ॅव्हरेजइफ(डी२:डी३२,">०"). इफएरर लावायचंच तर फक्त या शेवटच्या सूत्राला. नव्या महिन्याचं पान कोरं असताना तिथे #डिव्ह/०! दिसतं, तेवढ्यापुरतं.

एक सांभाळा. सम गुपचूप गाळतं. एखादा आकडा अक्षर म्हणून बसला असेल तर चूक न दाखवता उत्तर चुकेल. रकान्यांचं मध्यावर घेणं काढून बघा: खरे आकडे उजवीकडे सरकतात, अक्षरं डावीकडे.

धागाकर्ती
दादा, सापडलं! ६ तारखेचे सकाळचे २२ डावीकडे चिकटून बसलेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून डकवले होते. त्या दिवशीचे ४१ हवेत, दिसतायत १९. जास्तीच्या मोकळ्या जागा काढणारं ट्रिम लावलं, ढिम्म.

प्रतिसाद
मागे न तुटणारी मोकळी जागा आली असणार. तिचा क्रमांक १६०, ट्रिमला ती दिसत नाही. एकच चौकोन आहे ना? पुसा आणि हाताने २२ लिहा. असे पुष्कळ असले तर =व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(बी७,कॅर(१६०),"")).

धागाकर्ती
हाताने लिहिलं, ४१ आले. शेवटच्या चार दिवसांचेही ४२ येतायत. आई मात्र कणीक अजून अंदाजानेच भिजवतेय.