प्रति: जुनी स्पायडर चालवावी की झाकून ठेवावी?
"साठच्या दशकातली इटालियन गाडी झाकूनच ठेवावी, वापरली की वाट लागते" हे वर लिहिलंय ते मला अजिबात पटत नाही. इथे इटलीत, तोरिनोत (ट्यूरिन) माझी १९६७ची अल्फा रोमिओ स्पायडर एक हिवाळाभर झाकून ठेवली, तर मार्चमध्ये मागचा ब्रेक जाम! ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आतून गंजतो. आता पंधरवड्यातून एकदा तरी बाहेर काढतेच.

आणि हो, पिनिनफरिना या डिझाइन कंपनीच्या या १९६६ ते १९६९च्या स्पायडर गाड्यांना इथे 'ओस्सो दी सेप्पिया' म्हणतात, म्हणजे आपलं समुद्रफेन, माकुळाच्या अंगातलं ते पांढरं, निमुळतं कवच. धुताना त्या निमुळत्या, गोल शेपटीवरून हात फिरवला की नाव का पडलं ते लगेच कळतं. पुढे ती शेपटी कापली. तीही देखणी, पण माझा जीव या गोल शेपटीतच अडकलाय.